कडूबाईनं बॅनर उतरवला

बोरदऱ्याच्या दूध डेअरीवर बॅनर लागला, तेव्हा कडूबाई किटली घेऊन रांगेत उभी होती. वडवणीहून जीपमधून आलेल्या दोघांनी डेअरीचा पत्रा आणि समोरचं लिंबाचं झाड यांच्यामध्ये तो दोऱ्यांनी ताणून बांधला, त्याच्याखाली उभं राहून फोटो काढला आणि ते पुढच्या गावाला निघून गेले. बॅनरवर एक काळी-पांढरी गाय होती. तिच्या गळ्यात गुलाबी हार आणि शेजारी तशीच छोटी कालवड. वर भलीमोठी अक्षरं.

कडूबाईला सावकाश वाचता यायचं. तिनं ओठ हलवत वाचलं. ‘मुलगा नको, मुलगीच हवी! जन्माआधीच निवडा, खात्रीशीर!’ खाली बारीक अक्षरांत ‘लिंगविनिश्चित वीर्यमात्रा’ असं काहीतरी अवघड लिहिलं होतं. ते तिनं अर्ध्यावरच सोडलं.

रांगेतले पुरुष हसायला लागले. एकजण म्हणाला, “पैले पोरगं पाहिजे म्हणून मशीन व्हती, आता पोरगी पाहिजे म्हणून मशीन. मशीनवाल्याचं काय बे, त्याचं दोन्हीकडून चालतंय!”

हसणं वाढलं. कडूबाईनं किटली खाली ठेवली. गवत कापून ती तशीच डेअरीवर आली होती, विळा कमरेला होता. लिंबाकडची दोरी तिनं एका झटक्यात तोडली. मग पत्र्याकडची. बॅनर धुळीत पडला. तिनं तो चादरीसारखा घडी घालून काखेत मारला, परत रांगेत आपल्या जागेवर येऊन उभी राहिली, दूध मोजून दिलं आणि घरी गेली. कुणाला एक शब्द बोलली नाही. 

हे सगळं जीवननं मोबाइलवर टिपलं. जीवन गावातलाच. ‘आपली पंचक्रोशी’ नावाचं त्याचं यूट्यूब चॅनल होतं. कुठं पाइपलाइन फुटली, कुठं बिबट्या दिसला की मोटरसायकलवर तो तिथं हजर. दुपारपर्यंत त्याची बातमी सुटली. ‘शेतकरी महिलेनं विळ्यानं कापला बॅनर! जनावरांच्या लिंगनिवडीला बीड जिल्ह्यात कडाडून विरोध!’

संध्याकाळी अंजू कॉलेजातून आली ती धुसफुसतच. अंजू म्हणजे कडूबाईच्या मुलीची मुलगी. आई गेल्यावर तीन वर्षांची असताना ती आजीकडं आली आणि इथंच वाढली. आता वडवणीला बारावी सायन्सला होती.

“आजी, तू काय केलंस हे? बसमधी सगळे मला तो व्हिडिओ दाखवत व्हते.”

“बॅनर काढला.”

“कावून पण? आपल्याच पवळीसाठी ती कांडी मागायची म्हणून मी डॉक्टर मॅडमकडं दोनदा जाऊन आले. तुला बोलले व्हते ना?”

बोलली होती. पवळी ही त्यांची संकरित होस्टन गाय. दूध चांगलं द्यायची, पण लागोपाठ दोन गोऱ्हे झाले होते. नांगराला गावात ट्रॅक्टर. संकरित गोऱ्ह्याला औताला कुणी जुंपत नाही आणि गोवंश हत्याबंदीच्या कायद्यामुळं बाजारातही कुणी हात लावत नाही. पहिला गोऱ्हा गावातल्या आसारामनं दयेनं नेला. दुसऱ्याला नेणारं कुणी भेटलं नाही. चारा संपत आला तसं कडूबाईनं त्याला मोकळं सोडलं. तो गावभर कचऱ्यातलं खात फिरायचा आणि संध्याकाळी परत दारात येऊन उभा राहायचा. उन्हाळ्याच्या शेवटी हायवेला ट्रकनं उडवला. अंजूनंच त्याला ओढून खड्ड्यात पुरलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पवळीला आता कालवडच व्हायला पाहिजे. जनावरांच्या डॉक्टर मॅडमनं सांगितलं होतं, गाय गाभण ठेवायला वीर्याची बारीक नळी असते तशी नवी कांडी आलीय, शंभरात नव्वदांना कालवड होते.

“गायीबद्दल माझं काय म्हणणं न्हाई,” कडूबाई म्हणाली.

“मग?”

 कडूबाई चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. अंजूला हा थापण्याचा आवाज ओळखीचा होता. आजी जोरानं थापायला लागली म्हणजे आता विचारून उपयोग नाही.

पुढच्या आठवड्यात फोनांनी अंजूचा मोबाइल तापला. पुण्याच्या एका संस्थेची बाई म्हणाली, आजींनी विषारी दुधाविरुद्ध आवाज उठवला, त्यांना व्यासपीठावर बोलवायचंय. कडूबाईनं विषाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बीडचा एक कार्यकर्ता देशी गोवंशाच्या मोर्चात पुढं चालायला ये म्हणाला. व्हिडिओखाली कुणी लिहिलं होतं, ‘अशा अडाणी बायांमुळे देश मागे राहतो.’ त्याच्याखाली दुसऱ्यानं ‘माउलीला दंडवत’ म्हणून हात जोडले होते. टीव्हीच्या चर्चेत दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि दोघांच्या मध्ये कडूबाईचा विळा उगारलेला फोटो होता.

“हे कुणाविषयी बोलायलेत?” कडूबाईनं विचारलं.

“तुझ्याविषयी.”

“मला तर कुणी इचारलंच न्हाई.”

बोलणं वाढलं तसं वरून फोन आला आणि वाद मिटेपर्यंत तालुक्यातलं कांड्यांचं वाटप थांबलं. ज्यांच्या गायी माजावर होत्या ते चिडले. आणि एका दुपारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टर धनश्री स्कूटीवरून कडूबाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वय तिशीच्या आतबाहेर, नोकरी लागून दोन वर्षंही झालेली नव्हती. अंजू कॉलेजात होती. कडूबाईनं खाट टाकली, पाणी दिलं.

“मावशी, माझ्यावर राग आहे का तुमचा?”

“तुमच्यावर कावून असंल? पवळी अडली व्हती तवा तुमीच हात घालून वासरू काढलं.”

“मग बॅनर का कापला?”

“ते वाक्य तुमी लिव्हलं का?”

“नाही. वरून छापून आलं.” धनश्रींनी पाण्याचा पेला हातात फिरवला. “पण मी वाचलं होतं. मला वाटलं, चांगलं आहे. आपल्या जिल्ह्यात मुलगी हवी असं कुणीतरी मोठ्या अक्षरात म्हणतंय. लोक हसतील, लक्षात ठेवतील.”

“हसले की.”

मग कडूबाईनं त्यांना सत्यभामेबद्दल सांगितलं. सत्यभामा तिची एकुलती एक मुलगी, अंजूची आई. तिला एका बऱ्या घरी दिली होती. पहिली अंजू झाली. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सासरच्यांनी तिला तपासायला नेलं. कुठं नेलं, कोणत्या डॉक्टरकडं, हे कडूबाईला आजतागायत नीट कळलं नव्हतं. मुलगी आहे असं तिथं सांगितलं. त्या वेळी ह्या भागात असं सांगणारे होते आणि पुढचं करून देणारेही होते. परत आणल्यावर सत्यभामेला ताप चढला. सासू म्हणाली, पाळी जास्त जातीय. कडूबाई पोहोचली तेव्हा लेकीला माणसं ओळखू येत नव्हती.

“त्या डॉक्टरनं बी असंच सांगितलं असंल,” कडूबाई म्हणाली. “जन्माच्या आधी निवडा. खात्रीशीर. मॅडम, मी गायीसाठी न्हाई कापला बॅनर. ती मान्सं हसायली व्हती ना, मला वाटलं माझ्या पोरीलाच हसायलीत.”

धनश्रींनी पेला खाली ठेवला.

“अंजूला माहितीय हे?”

“न्हाई. ताप आला व्हता म्हणून सांगितलंय.”

मग कडूबाईनंच विषय बदलला. “मला नीट समजून सांगा. ह्या कांडीत कुणाचा जीव जातो का?”

“नाही. वळूच्या वीर्यात दोन प्रकारचे बीजकण असतात. एकापासून गोऱ्हा होतो, दुसऱ्यापासून कालवड. मशीन ते वेगळे करतं. कालवडीचे तेवढे कांडीत भरतात. गाय गाभण राहायच्या आधीच हे सगळं होतं. गर्भ तपासायचा नाही, पाडायचा नाही.”

कडूबाई ज्वारी पाखडत ऐकत होती. ऐकताना तिच्या हातातलं सूप थांबलं.

“मग माणसाचं बी असं वेगळं करता येत असंल.”

धनश्रींना ह्या प्रश्नाची भीती होती. प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की कुणी असं विचारलं तर आपला विषय जनावरांचा आहे, एवढंच म्हणायचं. उगाच लोकांच्या डोक्यात भलतं घालायचं नाही. त्यांनी ओढणी नीट केली.

“येतं,” त्या म्हणाल्या. “तंत्र आहे. आपल्या देशात माणसासाठी त्याला कायद्यानं बंदी आहे. गर्भाच्या आधी असो की नंतर, मुलगा-मुलगी निवडणं गुन्हा आहे.”

“हे बॅनरवर न्हाई लिव्हलं.”

“नाही.”

“मग सभा घ्या आन् तिथं बोला. मला सांगितलं तसंच. शाळेत घ्या, बाया येतील.”

“मावशी, आणखी वाद होईल. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते. ज्यांना माहीत नाही त्यांनाही मी सांगितल्यासारखं होईल.”

“ज्यांना पाहिजे त्यांना आदीच म्हाईत असतंय,” कडूबाई म्हणाली. “माझ्या पोरीच्या सासरी कुणी बॅनर लावला न्हवता.”

सभा ठरली. पण सभेत बोलायचं तर आधी अंजूला सांगणं आलं. शुक्रवारी कडूबाई वडवणीच्या बाजाराला गेली, अंजूचं कॉलेज सुटल्यावर दोघी एसटी स्टँडवर भेटल्या. बस लागायची होती. बाकड्यावर पिशव्या ठेवून कडूबाईनं भेळीचा पुडा सोडला आणि अंजूपुढं धरला.

“अंजे, तुज्या आईबद्दल एक सांगायचं व्हतं.”

अंजूनं घास तोंडात धरला तसाच ठेवला. मग हळूच म्हणाली, “मला म्हाईत हाय, आजी.”

“काय म्हाईत हाय?”

“तापानं न्हाई गेली ते. सातवीत व्हते तवा एका पोरीनं भांडणात सांगितलं. मी घरी येऊन तुला इचारणार व्हते. तू आईच्या फोटोला कुंकू लावायली व्हतीस. मग न्हाई इचारलं.”

कडूबाईनं भेळीचा पुडा मिटला. इतकी वर्षं ती ह्या पोरीपासून लपवत होती आणि पोर तिच्यापासून.

“एकटीच ठेवलंस व्हय मनात?”

“तू बी एकटीच ठेवलंस की.”

बस आली, लोक धावले. दोघी उठल्या नाहीत. अंजूनं आजीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तोंड फिरवून रडली. कडूबाईला रडू आलं नाही. तिला फक्त अंग एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली. पुढच्या बसनं त्या घरी गेल्या.

सभेला शाळेचा वऱ्हांडा भरला. एरवी सभेला न येणाऱ्या बायाही आल्या होत्या. जीवन खुर्चीवर चढून मोबाइल धरून उभा होता. धनश्रींनी मशीनचं, बीजकणांचं सांगितलं. कांडीनं गाय गाभण राहायचं प्रमाण साध्या रेतनापेक्षा थोडं कमी असतं, तेही लपवलं नाही. मग माणसाचं सांगितलं.  बाहेर बांधलेली शेळी ओरडत होती, तिच्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

पहिल्यांदा आसाराम उठला. गावातली शेवटची खिलार जोडी त्याच्याकडं होती.

“मॅडम, तुमी चांगलं करायला निघालात, मला कबूल हाय. गोऱ्ह्याचे हाल मीबी बघितलेत. पण आज गोऱ्हा नको म्हणता, आणखी ईस वर्सानं पोरांना बैल चित्रात दाखवावा लागंल. त्याचं कुणी बघायचं?”

“काका, ह्या कांड्या होस्टन-जर्सीच्या आहेत. तुमच्या खिलाराला कुणी हात लावत नाही.”

“आज न्हाई लावत,” आसाराम म्हणाला आणि खाली बसला. त्याचं पुरतं समाधान झालं नव्हतं. धनश्रींनाही ते दिसलं. त्यांनी उगाच पुढं ओढलं नाही.

मग जीवननं मोबाइल कडूबाईकडं वळवला. “काकू, तुमी एका शब्दात सांगा. बाजूनं का विरोधात?”

“एका शब्दात कसं सांगू?” कडूबाई उठून उभी राहिली. बोलायची सवय नव्हती. तिनं पदर घट्ट धरला. “मला पवळीला ती कांडी भरायची हाय. माझा गोऱ्हा उपाशी फिरून मेला, तसा आणखी एक मला नको. पण त्या बॅनरवर मुलगा-मुलगी लिव्हू नका. कालवड लिव्हा. गोऱ्हा लिव्हा. गायीची गोष्ट गायीच्या नावानं सांगा. आमच्या गावातल्या किती घरांनी ह्या निवडण्यापायी काय काय बघितलंय, ते इथं बसलेल्या बायांना इचारा. माझी सत्यभामा त्यातच गेली.”

एवढंच बोलायचं तिनं ठरवलं होतं. पण वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात एक बाई तोंडात पदर घालून बसली होती, तिच्याकडं तिची नजर गेली आणि ती आणखी बोलली. सत्यभामा लहानपणी शेळ्यांमागं कशी पळायची, तिला झिम्मा कसा आवडायचा, शेवटी ती काय काय बरळत होती. अंजू आजीच्या शेजारी उभी राहिली. कुणी हसलं नाही. बॅनरखाली मशीनवाल्याचा विनोद केलेला माणूसही तिथंच होता. तो मान खाली घालून चपलेनं फरशी घासत होता.

दुसऱ्या दिवशी जीवनच्या चॅनलवर बातमी होती. ‘कडूबाईंचा यू-टर्न! म्हणाल्या, मला ती कांडी पाहिजे!’ तेवढंच एक वाक्य, मागं ढोलाचा आवाज.

अंजू तडक त्याच्या घरी गेली. जीवन अंगणात मोटरसायकल पुसत होता.

“जीवनदादा, आजी एवढी बोलली आन् तू एवढंच टाकलंस?”

“अंजे, आक्खं भाषण कोण बगतंय गं? लोक अर्ध्या मिनिटात पुढं जातेत. मला बी पोट हाय.”

“माझ्या आईचं व्हतं ते.”

जीवननं फडकं पिळलं, परत भिजवलं. सत्यभामा त्याच्याहून मोठी, लहानपणी त्यानं तिच्या हातचं खाल्लेलं होतं. तो आत गेला. संध्याकाळी चॅनलवर पूर्ण सभा आली, ढोलाशिवाय, काटछाट न करता. नाव दिलं होतं, ‘बोरदऱ्याची सभा’. त्याचं म्हणणं खरं ठरलं. कुणी फारसं बघितलं नाही. यू-टर्नवाल्या बातमीला हजारो लोक, ह्याला मोजके.

नवे बॅनर आले ते साधे होते. ‘कालवडीसाठी नवी कांडी. माहितीसाठी दवाखान्यात भेटा.’ आणि खाली, धनश्रींनी भांडून घालून घेतलेली एक ओळ, की माणसात असं निवडणं गुन्हा आहे. वरिष्ठांना ती ओळ आवडली नव्हती. वाटप परत सुरू झालं. पवळीला कांडी भरली, ती गाभण ठरली नाही. पुढच्या माजाला परत भरली, तेव्हा ठरली.

त्याच सुमारास अंजूच्या मोबाइलवर एका अनोळखी बाईचा फोन आला. आवाज दबका होता. नाव सुरेखा, पाटोद्याकडची. नंबर तिनं जीवनकडून मिळवला होता.

“तुमच्या आजीचं भाषण मी सगळं ऐकलं. त्यांच्याशी बोलायचंय.”

कडूबाईनं फोन कानाला लावला. सुरेखाला एक मुलगी होती. दुसऱ्या वेळी मुलगाच पाहिजे, असं घरचं म्हणणं होतं. नवऱ्याच्या ओळखीचा एकजण सांगत होता की बाहेरच्या देशात नेऊन आधीच निवडून देतात, काही पाडायचं नाही, कुणाला कळत नाही. शेत विकायचं घरात बोलणं चाललं होतं.

“मावशी, मी नको म्हणाले तर म्हणतेत, ह्यात वाईट काय हाय? मला सांगता येईना.”

“घरी कोण हाय जास्त बोलणारं?”

“सासूबाई.”

“मी येते,” कडूबाई म्हणाली.

अंजूला हे पटत नव्हतं. लोकाच्या घरात जाऊन काय बोलायचं? पण आजी ऐकेना, तेव्हा ती सोबत निघाली. बीडला गाडी बदलून दोघी पाटोद्याला पोहोचल्या. सुरेखाचं घर रस्त्याला लागूनच होतं, दारात टेम्पो. सुरेखानं घरी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण सासू सरूबाईनं ‘या’ म्हणून सतरंजी टाकली. सुरेखाची छोटी मुलगी सरूबाईच्या मांडीवर येऊन बसली आणि तिचा हात आपोआप नातीच्या केसांतून फिरायला लागला. कडूबाईनं ते बघितलं.

चहा झाल्यावर तिनं आडपडदा न ठेवता विषय काढला. सरूबाईचा चेहरा उतरला, मग तापला.

“सूनबाईनं सांगितलं व्हय? बरं झालं. तुमीच सांगा, आमी काय कुणाला मारायला निघालाव? तपासायचं न्हाई, पाडायचं न्हाई. बी आदीच निवडायचं. तुमी बी गायीला तेच केलं की, मी बघितला तुमचा व्हिडिओ. मग गायीला चालतंय आन् आमाला पाप?”

अंजूनं आजीकडं बघितलं.  बाई बोलत होती त्यात खोट नव्हती. डॉक्टर मॅडमनं सांगितलं होतं तेच तर ती बोलत होती. कडूबाई जमिनीवर बोटानं रेघा मारत बसली. सुरेखा दारात उभी होती.

“खरं हाय,” कडूबाई शेवटी म्हणाली. “तुमी कुणाला मारत न्हाई. मी तसं म्हणणार बी न्हाई.” तिनं हातानं रेघा पुसल्या. “गायीचं म्हणाल तर गोऱ्हा झाला की त्याला मी पोटभर घालू शकत न्हाई. म्हणून मी म्हणाले, येऊच नको बाबा, तुझे हाल व्हतेत. आता मला सांगा, तुमच्या घरात पोरगी आली तर तिचे कशानं हाल व्हणारेत? खायला कमी हाय का?”

“कमी कावून असंल?” सरूबाई फणकारली.

“मग ती नको कावून?”

सरूबाईनं तोंड उघडलं. मांडीवरच्या नातीनं तिच्या बांगड्या मोजायला घेतल्या होत्या. 

“तुमी वाईट न्हाईत,” कडूबाई म्हणाली. “माझ्या पोरीची सासू बी वाईट न्हवती. पोर गेली तवा ती माझ्याहून जास्त रडली. पण रडून काय व्हतंय? सूनबाईला परक्या देशात न्यायचं, सुया टोचायच्या, शेत घालवायचं. आन् हिला,” तिनं नातीकडं मान वळवली, “मोठी झाल्यावर कळंलच की, आपल्यासारखी दुसरी नको म्हणून हे सगळं केलं. माझ्या नातीला सातवीत कळलं. मी लपवून ठेवलं व्हतं तरी कळलं.”

“लई वाईट वाटतं,” अंजू म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. “आई गेली त्याचं वाटतंच. पण जी पोरगी नको म्हणून तिला नेलं ती पोरगी मीच हाय, असं वाटतं.”

 सुरेखा आत निघून गेली. सरूबाईनं नातीला छातीशी ओढलं, मग सोडलं. “ऊन उतरू द्या, मग निघा,” एवढंच ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. निघताना तिनं पिशवीत शेंगा घातल्या आणि फाट्यापर्यंत सोडायला आली, पण वाटेत सगळं पावसापाण्याचंच बोलली.

बसमध्ये अंजू म्हणाली, “आजी, काय उपेग झाला?”

“म्हाईत न्हाई,” कडूबाई म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

पुढं बरेच महिने काही कळलं नाही. धनश्री आल्या की विचारायच्या, कडूबाई मान हलवायची. आपण त्या घरात उगाच गेलो, असंही तिला अधूनमधून वाटायचं. सुरेखाला फोन करायला तिचा हात धजत नव्हता. आपल्या फोनापायी तिला आणखी बोलणी नकोत.

एके दिवशी दुपारी फोन वाजला. सरूबाई होती.

“कडूबाई का? सूनबाईला दिवस गेलेत. घरच्या घरीच, कुठं बाहेर गेलो न्हाई. तो माणूस आला व्हता परत, पोरानं त्याला दारातून वाटं लावलं. सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. काय हाय, काय न्हाई, आमी काय इचारलं न्हाई.”

“बरं केलं, बाई,” कडूबाई म्हणाली.

“त्यासाठी न्हाई केला फोन,” सरूबाई घाईनं म्हणाली. “तिच्या पोटात काय ठरंनाच. भाकरीचा वास आला तरी उमासे येतेत. आमच्याकडं पहिल्या येळंला असं न्हवतं झालं. तुमी काय देत व्हता?”

कडूबाई खाली बसली. ज्वारीच्या लाह्या द्यायच्या, एकदम ताटभर जेवायला घालायचं नाही, थोडं थोडं द्यायचं, आल्याच्या रसात लिंबू पिळून चाटवायचं, असं ती सांगायला लागली. सरूबाई मध्येच म्हणाली, आलं उष्ण पडतं. कडूबाई म्हणाली, तेवढ्यानं काय पडत नाही. त्यावर दोघींचं चांगलंच लांबलं. अंजू मोबाइल कधी परत मिळतो म्हणून दारात वाट बघत उभी होती. मग कंटाळून ती आत गेली आणि तिनं स्वतःच चहा टाकला.